मिरवणूक दिसत नाही, ऐकू मात्र येते : आवाजाच्या आणि प्रकाशाच्या लाटांत फरक नेमका कशाचा?

बाळीवेसकर

मंडळी, सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीत गर्दी टाळायला मी आणि माझी पुतणी एका बोळात आत जाऊन उभे होतो. मोठ्या रस्त्यावरची मिरवणूक तिथून अजिबात दिसत नव्हती, गाडीवरचे दिवेसुद्धा नाहीत. आवाज मात्र छातीत धडधडत होता. गंमत म्हणजे गाण्याचे शब्द कळत नव्हते, झांजांची किणकिण नव्हती, नुसतं ढम ढम ढम. दोन पावलं पुढे येऊन बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं की शब्द लगेच कळायचे.

पुतणी दहावीत आहे. तिने विचारलं, "काका, पुस्तकात दोन्ही लाटाच म्हणतात ना? मग एक वळते आणि एक वळत नाही, असं का? आणि वळणाऱ्यातसुद्धा ढोल वळतो नि झांज का वळत नाही?"

नेटवर शोधलं तर जिथे तिथे तोच तक्ता: आवाजाला माध्यम लागतं, प्रकाशाला लागत नाही, आवाज हळू, प्रकाश वेगवान. तक्ता पाठ आहे हो तिला. तिला 'का' हवंय. इथे शिकवणारे, कारखाना चालवणारे, दवाखान्यातले असे सगळेच आहेत. सांगा की.

सात_रस्ता

प्रकाश सरळ रेषेत जातो आणि आवाज चहूकडे पसरतो. दोघांचा स्वभावच वेगळा. यापलीकडे काय सांगणार?

भौतिक_मास्तर

सात रस्ता, स्वभाव वेगळा नाही. या बाबतीत दोघांचा नियम एकच आहे, आणि पुतणीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच उत्तर दडलंय. ढोल वळला आणि झांज वळली नाही, म्हणजे फरक आवाज आणि प्रकाश यांच्यात पडण्याआधी आवाजा-आवाजातच पडला.

हिशोब करू. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. बेसचा ठोका ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० कंपनं) असेल तर एका लाटेची लांबी झाली पावणेसहा मीटर. झांजेची किणकिण, 'स', 'श', 'च' यांचा सुस्कारा ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लाट चार ते सात सेंटिमीटरची. बोळाचं तोंड तीन मीटरचं धरलं तर बेसची लाट त्या तोंडापेक्षा मोठी आणि झांजेची लाट त्याच्यापुढे अगदीच बारीक.

लाटेपेक्षा फट लहान असली की लाट फटीतून बाहेर पडल्यावर सगळीकडे पसरते. फट लाटेच्या मानाने खूप मोठी असली की ती जवळजवळ सरळ पुढे निघून जाते आणि बाजूला सावली पडते. सिद्धेश्वर तलावात एखादी काठी रोवलेली असेल तर वाऱ्याच्या लाटा तिच्यामागे जाऊन पुन्हा मिळतात, काठी होती याचा पत्ताही लागत नाही. घाटाच्या भिंतीमागचं पाणी मात्र शांत राहतं.

आता प्रकाश. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची लाट ०.४ ते ०.७ मायक्रॉन, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बेसची लाट तिच्या सुमारे एक कोटी पट मोठी. प्रकाशासाठी तुमचा बोळ म्हणजे अफाट मैदान. मग तो वळेल कशाला?

पण प्रकाशालाही त्याच्या मापाची फट द्या, तोही वळतो. पुतणीला आज रात्री गच्चीवर न्या. एका टोकाला मोबाईलचा टॉर्च लावून ठेवा आणि दहा-पंधरा मीटरवरून बारीक विणीचा पातळ रुमाल डोळ्यासमोर ताणून धरून त्याकडे बघा. एका टॉर्चचे अनेक ठिपके दिसतील, उभ्या-आडव्या रांगेत, आणि बाहेरच्या ठिपक्यांच्या कडांना तांबूस रंग. १७८५ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड रिटनहाऊसने रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघताना दिसलेल्या याच रेघांचा छडा लावला होता. पुढे केस समांतर बांधून त्याने जाळीही तयार केली.

कन्ना_चौक

मास्तर, आत्ताच करून बघितलं. आमच्याकडे कापडाची काय कमी! जाड टॉवेलमधून काहीच नाही, पण पातळ मलमलीतून खरंच फुलीसारखी ठिपक्यांची नक्षी दिसते. कापड फिरवलं की नक्षीही त्याच्याबरोबर फिरते. आणखी एक: वीण जितकी घट्ट, तितके ठिपके एकमेकांपासून लांब. मला उलटं वाटलं होतं.

भौतिक_मास्तर

बरोबर बघितलंत. इंचाला ८० धागे असतील तर दोन धाग्यांतलं अंतर ०.३२ मिलिमीटर. हिरव्या प्रकाशाची लाट त्याच्या सुमारे सहाशेव्या भागाएवढी, म्हणून दहा मीटरवरच्या टॉर्चचे ठिपके एकमेकांपासून जेमतेम १७ मिलिमीटरवर पडल्यासारखे दिसतात. धागे दुप्पट दाट केले की ठिपके दुप्पट लांब. तांबड्याची लाट निळ्यापेक्षा लांब, म्हणून तो जास्त वळतो आणि बाहेरच्या कडेला जातो. ढोल झांजेपेक्षा जास्त वळला, तेच इथे रंगांत दिसतंय. बाळीवेसकर, पुतणीला हे जरूर दाखवा.

नकाशा_आणि_गिलावा

स्थापत्याचं काम करतो, म्हणून एक भर. बोळात आवाज पोचतो तो नुसता कोपऱ्यावर वळून नाही, समोरच्या भिंतींवर आपटूनही पोचतो. आणि इथेही मापाचाच खेळ आहे. गिलाव्याचा खडबडीतपणा मिलिमीटरभराचा. सेंटिमीटर-मीटरच्या आवाजाला ती भिंत गुळगुळीत आरसा वाटते. प्रकाशाच्या लाटेला मात्र तोच गिलावा म्हणजे डोंगरदऱ्या. म्हणून पांढरी भिंत प्रकाश परत फेकते खरी, पण दाही दिशांना विस्कटून. भिंतीत मिरवणुकीचं प्रतिबिंब दिसत नाही, उजेड तेवढा येतो. उलट रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की ती जशीच्या तशी परत येते. सभागृह बांधताना भिंतींना मुद्दाम खोबणी आणि उंचसखल फळ्या करतात त्या हातभर मापाच्या असतात, कारण विस्कटायची लाट त्या मापाची असते.

यंत्रमाग_पूर्वभाग

मग माझा प्रश्न घ्या. आमचा मागाचा शेड आहे. शटर खाली ओढलं, खिडक्या लावल्या की आत मिट्ट काळोख. उजेडाचा एक किरण आत येत नाही की बाहेर जात नाही. पण माग चालू असला की खडखडाट चार घरं पलीकडे जातो. फट नाही, मग वळणार कुठून?

दुसरं. आपली चादर दोरीवर टाकली की पलीकडचं काही दिसत नाही, पलीकडचा माणूस बोलतो ते मात्र स्वच्छ ऐकू येतं. काचेचं बरोबर उलटं: ऑफिसच्या काचेतून माग दिसतात, आवाज खाली बसतो. हे माप-बीप सांगून सुटणार नाही असं वाटतंय.

भौतिक_मास्तर

नाहीच सुटणार, आणि प्रश्न फार चांगला आहे. इथे दुसरी गोष्ट येते: हलतंय काय?

आवाजात हवेचे कण स्वतः मागेपुढे हलतात, दाब कमीजास्त होतो. तो दाब भिंतीवर आदळला की भिंतच सूक्ष्म हलते आणि पलीकडच्या हवेला ढकलते. फट लागतच नाही. भिंत जड असेल तर कमी हलते. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडचा आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने उतरतो. संथ ठोक्याला ती जास्त हलते, बारीक म्हणजे चढ्या सुराच्या आवाजाला कमी. म्हणून शेजाऱ्याच्या टीव्हीवरचे शब्द कळत नाहीत, घुमणं तेवढं कळतं. शटरचा पत्रा हलका, तो तर ढोलाच्या पानासारखा वाजतो.

प्रकाशात हवा हलत नाही. तिथे हलतं ते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र. समोरच्या पदार्थातले इलेक्ट्रॉन त्या कंपनाला कसा प्रतिसाद देतात यावर तो आरपार जाणार की गिळला जाणार हे ठरतं. काचेतले इलेक्ट्रॉन दिसणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा घेत नाहीत, म्हणून साध्या काचेतून नव्वद टक्क्यांच्या वर प्रकाश पलीकडे जातो. पण तीच काच घट्ट आणि हवेच्या दोन हजार पट जड. आवाजाला ती हलवणं कठीण, बहुतेक ऊर्जा परत फिरते.

तुमची चादर नेमकी उलट्या जागी बसते. सुती धागा प्रकाश विखरतो आणि शोषतो, रंगवलेला असेल तर जास्तच. पण धाग्यांमध्ये हवा आरपार आहे, त्यामुळे दाब सहज पलीकडे पोचतो. बारीक आवाज थोडा घासून कमी होतो, बाकी सगळा जातो. आवाज अडवायला चादरी टांगणाऱ्यांना मी हेच सांगतो: खोलीतला घुमारा कमी होईल, बाहेरचा गोंगाट थांबणार नाही.

यंत्रमाग_पूर्वभाग

म्हणजे शेडला आतून गोणपाट लावून शेजाऱ्यांना उपयोग नाही, भिंत जड करायला पाहिजे. कळलं. आमच्या जुन्या कामगारांपैकी कित्येकांना कानाचा त्रास आहे. बारीक आवाज आधी जातो, मग बोललेलं कळेनासं होतं. मागावर कान बंद करायचे बोंडूक दिले तर पोरं लावत नाहीत, माग बिघडलेला ऐकू येत नाही म्हणतात.

नकाशा_आणि_गिलावा

त्यांना जरूर लावायला सांगा. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं की कानाच्या आतल्या केसपेशी मरायला लागतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मागाचा शेड सहज नव्वदीच्या पुढे असतो. बोंडूक घालूनही मागाचा ठेका बदललेला कळतो, कारण संथ ठोका अंगातून आणि हाडांतून पोचतोच.

सोनोग्राफीवाली

मी रेडिओलॉजीत काम करते. 'आवाज वळतो' हे वाक्य माझ्या खोलीत खोटं ठरतं, म्हणून लिहिते.

पित्ताशयातल्या खड्याची सोनोग्राफी करताना पडद्यावर खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळा पट्टा पडतो, कडा अगदी पट्टीने मारल्यासारख्या. तो पट्टा म्हणजे आवाजाची सावली. आम्ही वापरतो तो आवाज ३ ते ५ मेगाहर्ट्झचा, कानाच्या कितीतरी पलीकडचा. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर, म्हणजे लाट सुमारे अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक. खडा पाच-सहा मिलिमीटरचा असला तरी लाटेच्या मानाने तो भिंतीसारखा. खडा खरा की नुसता गाळ, हे ओळखायला ती सावलीच उपयोगी पडते.

आणि पोटाला थंडगार जेल का लावतात, हे पेशंट नेहमी विचारतात. चकती आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो, आत काही जातच नाही. जेल ती हवा काढून टाकतं. प्रकाशाला हवेचा एवढा पापुद्रा जाणवलाही नसता.

भौतिक_मास्तर

डॉक्टर, फार मोलाचं उदाहरण दिलंत. वर्गात सांगणार. याची दुसरी बाजूही पूर्ण करतो. प्रकाशाच्याच घराण्यातल्या रेडिओलहरी घ्या. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी दोनशे ते पाचशे मीटर. त्या इमारतींना, टेकड्यांना वळसा घालून घरातल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचतात. डिशच्या लहरी दोन-तीन सेंटिमीटरच्या, तिथे समोर झाडाची फांदी आली तरी चित्र जातं. आवाज बारीक केला तर तो सावली पाडतो, प्रकाशाची लाट लांबवली तर ती कोपऱ्यावर वळते. 'आवाज वळतो, प्रकाश वळत नाही' असं कुणी लिहून दिलं तर मी ते खोडतो.

अक्कलकोट_रोड

सोलापूरचा उन्हाळा आणि हा विषय, दोन्ही आवडीचे. म्हणून विचारतो. एप्रिल-मेच्या दुपारी डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं. आणि थंडीत पहाटे घरात बसून रेल्वेचा हॉर्न ऐकू येतो, जो दुपारी कधीच येत नाही. पहाटे गोंगाट नसतो हे आहेच. पण तेवढंच कारण आहे का?

भौतिक_मास्तर

तेवढंच नाही. या दोन्हींचं मूळ एक आहे: हवेच्या थरांचं तापमान. आणि इथे प्रकाश आणि आवाज एकाच बाजूला वळतात, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं.

लाट नेहमी जिकडे तिचा वेग कमी तिकडे झुकते. मेच्या दुपारी डांबरालगतची हवा तापलेली, वर तुलनेने थंड. तापलेल्या हवेत आवाज जास्त पळतो. ढोबळ हिशोब सेकंदाला ३३१ मीटर अधिक दर अंशाला ०.६ मीटर, म्हणजे ४२ अंशाला सुमारे ३५६ आणि १४ अंशाला सुमारे ३४०. तापलेली हवा विरळ, म्हणून प्रकाशही तिच्यात किंचित जास्त पळतो. दोघांचाही वेग वर कमी, म्हणून दोघेही वर वळतात. आभाळाचा प्रकाश रस्त्यालगत येऊन वर वळून डोळ्यात शिरतो, तेच ते 'पाणी'. हॉर्नचा आवाज वर वळून तुमच्या डोक्यावरून निघून जातो, आणि जमिनीलगत आवाजाची सावली पडते.

पहाटे उलट. रात्रभर जमीन थंड झालेली, तिच्यालगतची हवा गार, वर थोडी उबदार. आवाज खाली वळतो. हॉर्नचा जो आवाज एरवी आभाळात गेला असता तो गावावर उतरतो.

मग फरक कुठे? प्रमाणात. २० अंशांच्या फरकाने आवाजाचा वेग साधारण ३ टक्के बदलतो. प्रकाशाचा बदलतो तो लाखात दीड-दोन भाग. आवाजावरचा परिणाम जवळजवळ दोन हजार पट मोठा. म्हणून प्रकाशाचं मृगजळ फक्त लांबवर, नजर रस्त्याला अर्ध्या अंशाहून कमी कोनात घासून जाते तिथेच दिसतं. जवळ जाल तसं पुढे सरकतं. आवाजाला एवढी कडक अट नाही.

शिवाय वारा. आवाज हवेतच चालतो, त्यामुळे हवा वाहिली की तोही तिच्याबरोबर वाहतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोरात, म्हणून वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वळतो आणि वाऱ्याविरुद्धचा वर. तुमच्याकडे रेल्वेच्या बाजूने वारा असेल तर हॉर्न दुपारीही ऐकू येईल. प्रकाशाला वाऱ्याचं काहीही नाही.

अक्कलकोट_रोड

लाखात दोन भाग आणि त्यावर रस्ताभर पाणी दिसतं! धन्यवाद मास्तर. आता दुपारी रस्त्याकडे बघायची दृष्टी बदलली.

विजापूर_वेस

विजापूरचा गोल घुमट आपल्यापासून शंभरेक किलोमीटर. सोलापूरच्या निम्म्या शाळांची सहल तिथेच जाते. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की पलीकडे, जवळजवळ ३८ मीटरवर, कान लावलेल्याला ऐकू येतं. घुमट १६५६ चा. गाईड सांगतात, आवाज मध्यातून आपटून येतो. तसं असेल तर मध्ये उभं राहणाऱ्याला जास्त ऐकू यायला हवं ना? मला तर तिथे कुजबुज लागली नाही.

भौतिक_मास्तर

तुमचं निरीक्षण गाईडपेक्षा बरोबर आहे. कुजबुज मध्यातून जात नाही, भिंतीला चिकटून जाते. गोल भिंतीवर छोट्या छोट्या कोनांत आपटत लाट कडेकडेने सरकते, त्यामुळे ती तिन्ही बाजूंना पसरून पातळ होत नाही. लंडनच्या सेंट पॉल्स चर्चच्या घुमटावरून ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने हे मांडलं, आणि १९२१ साली आपल्या सी. व्ही. रामन यांनी सदरलँड यांच्यासोबत त्याच घुमटात प्रयोग करून आवाज भिंतीपासून दूर जाताना कसा कमीजास्त होतो ते तपासलं. रामन म्हटलं की लोकांना १९२८ चा प्रकाशाचा शोध आठवतो. त्यांनी मृदंग-तबल्याच्या आवाजावरही मनापासून काम केलंय, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. हीच कुजबुज प्रकाशही करतो. मिलिमीटरच्या छोट्याशा भागाएवढी काचेची गोटी घेतली आणि तिच्या कडेने लेसरचा प्रकाश सोडला की तो आतल्या बाजूने कडेकडेने हजारो फेऱ्या मारतो. प्रयोगशाळांत अशा गोट्या वापरतात, आणि त्या प्रकाराला घुमटावरूनच 'कुजबुज सज्जा' म्हणतात. सेंटिमीटरच्या आवाजाला विजापूरचा घुमट, मायक्रॉनच्या प्रकाशाला काचेचा कण.

आणि १९३५ मध्ये रामन यांनी नागेंद्र नाथ यांच्यासोबत दोघांची गाठच घालून दिली. द्रवात खूप बारीक आवाज सोडला की त्यात दाट-विरळ असे नियमित पट्टे पडतात. त्यातून प्रकाश आडवा सोडला तर तो त्या पट्ट्यांवर तसाच फुटतो, जसा कन्ना चौक यांच्या मलमलीवर फुटला. आवाजाने विणलेलं कापड म्हणा. हा सिद्धांत आजही लेसरची दिशा बदलणाऱ्या उपकरणांत वापरात आहे.

जुनी_मिल_चाळ

वयाने मोठा आहे, म्हणून जरा वेगळं विचारतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमाराला सोलापुरात सगळे जागे झालो. माझ्या स्पष्ट स्मरणात आहे: आधी एक घरघर आणि भांड्यांचा बारीक थरथराट, आणि मग थोड्या वेळाने घर आडवं हललं. लोक म्हणतात दोन धक्के होते. यात लाटांचा काही संबंध?

भौतिक_मास्तर

काका, तुमची आठवण शास्त्राला धरून आहे. एका धक्क्यातून खडकात दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली आवाजासारखीच, पुढेमागे दाबणारी, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. दुसरी खडकाला आडवी हलवणारी, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर. पहिली लाट चौदा-पंधरा सेकंदांत आली असणार आणि दुसरी त्यानंतर दहाएक सेकंदांनी. घरघर पहिली, आडवं हलणं दुसरी.

पुतणीच्या तक्त्यात 'आवाज अनुतरंग (पुढेमागे हलणारा), प्रकाश अवतरंग (आडवा हलणारा)' असं असेल. ते हवेपुरतं खरं. हवा आणि पाणी आडवं ढकललं तर परत उसळून जागेवर येत नाही, म्हणून त्यात आडवी लाट चालत नाही. घन खडक, लोखंड यांत आवाजही आडवा चालतो.

आडव्या लाटेची एक खूण असते: ती कुठल्या बाजूला हलते याला दिशा असते. पोलरॉइड गॉगल घालून मोबाईलकडे बघा आणि मोबाईल हळूहळू फिरवा. एका कोनात बऱ्याच मोबाईलचा पडदा काळा पडतो. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आणि गॉगल ती दिशा अडवतो. हवेतल्या आवाजाला असा गॉगल करताच येत नाही, कारण तो पुढेमागेच हलतो, अडवायला बाजू नाही.

जुनी_मिल_चाळ

इतक्या वर्षांनी त्या थरथराटाचा उलगडा झाला. देव तुमचं भलं करो.

तंबोरा

गाणं शिकवते. रेल्वे फाटकाशी उभं असताना गाडी जवळून गेली की हॉर्न एकदम उतरतो. मी पेटीवर लावून बघितलंय, जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर येतो. प्रकाशाचंही असं होतं म्हणतात, मग गाडीचा दिवा रंग का बदलत नाही?

भौतिक_मास्तर

ताई, तुमच्या कानाला दाद द्यायला हवी. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २८ मीटर, आवाजाच्या वेगाच्या आठ टक्के. येताना स्वर सुमारे नऊ टक्के चढतो, जाताना सात-साडेसात टक्के उतरतो. दोन्हींत मिळून पावणेतीन अर्धस्वरांचा फरक. कोमल गंधार ते षड्ज तीन अर्धस्वर. प्रकाशाच्या वेगापुढे तेच २८ मीटर म्हणजे एक कोटीत एक भागसुद्धा नाही. रंग बदलतो, पण डोळ्याला दिसण्याच्या फार खाली. दूरच्या दीर्घिका सेकंदाला हजारो किलोमीटरने दूर जातात, तिथे वर्णपट तांबड्याकडे सरकलेला स्पष्ट मोजता येतो.

यात एक खोल भेद आहे. आवाजात गाडी तुमच्याकडे येते की तुम्ही गाडीकडे जाता, यावर उत्तर किंचित बदलतं, कारण मध्ये हवा आहे आणि हवेच्या मानाने कोण हलतंय हे कळतं. प्रकाशाच्या मध्ये असं काही नाहीच. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी तसलं माध्यम, म्हणजे 'ईथर', शोधायचा कसून प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. प्रकाशात फक्त एकमेकांच्या मानाने असलेला वेग मोजला जातो. तक्त्यात 'माध्यम लागत नाही' एवढीच ओळ असते, पण तिच्यातून पुढे सापेक्षतावाद उभा राहिला.

तंबोरा

मला आणखी एक जाणवतं. सा आणि प एकत्र वाजवले तर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. तांबडा आणि हिरवा प्रकाश एकत्र टाकला तर पिवळा दिसतो, त्यातला तांबडा वेगळा काढता येत नाही.

सोनोग्राफीवाली

हा फरक लाटांचा नाही, आपल्या इंद्रियांचा. कानाच्या शंखात वेगवेगळ्या स्वराला वेगवेगळी जागा थरथरते. डोळ्यात रंगाच्या फक्त तीन प्रकारच्या पेशी, त्यांच्या बेरजेवर मेंदू काम भागवतो. कानाची झेप २० ते २०,००० हर्ट्झ, जवळजवळ दहा सप्तकं. डोळ्याची एक सप्तकही पुरती नाही. त्या बदल्यात डोळ्याला जागा कळते: काय कुठे आहे, किती बारीक आहे. बारीक लाटेचाच तो फायदा.

सात_रस्ता

सिद्धेश्वर तलावावर रोज फिरायला जातो. पाण्यात प्रकाश हळू होतो आणि आवाज वेगवान, हे वाचलंय. मग काठावरच्या देवळातली घंटा माशांना ऐकू येते का?

भौतिक_मास्तर

फारच थोडी. प्रकाश पाण्यात सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, आवाज जवळजवळ १,५०० मीटरवर जातो. म्हणून आत शिरताना प्रकाश उभ्या रेषेकडे झुकतो आणि आवाज तिच्यापासून दूर. आवाज उभ्यापासून साधारण १३ अंशांपेक्षा जास्त तिरपा आला तर तो आत शिरतच नाही, सगळा परत. सरळ वरून आला तरी हजारातला एक भाग आत जातो. सरळ वरून येणाऱ्या प्रकाशातले दोनच टक्के परत फिरतात. काठावरची घंटा तर तिरपीच येणार. काठावर पाय आपटलात तर मात्र दगडातून पाण्यात थेट जाईल, मासे पळतील.

बाळीवेसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पुतणीने वहीत उतरवून घेतलंय आणि तिच्या मैत्रिणींना प्रयोग करायचाय. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा आवाजाचा वेग मोजता येईल का? घड्याळ लावून?

भौतिक_मास्तर

घड्याळापेक्षा मोबाईलचं चित्रीकरण घ्या. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतात. झगमगाट कुठल्या चौकटीत आणि आवाज कुठल्या चौकटीत सुरू झाला हे नंतर सावकाश बघता येतं. एका चौकटीची चूक म्हणजे अकरा-बारा मीटरची, त्यामुळे लांब उभं राहा. दीड किलोमीटर चांगलं, तिथे साडेचार सेकंदांच्या आसपास मिळतील. बार वर १५० मीटरवर फुटला तरी दीड किलोमीटरवरून अंतरात सात-आठ मीटरचाच फरक पडतो, सोडून द्या. मैदानाजवळच्या गच्चीवर उभं राहिलात तर मात्र ती उंची हिशोब बिघडवेल.

वाऱ्याने एखादा टक्का इकडेतिकडे होतो. त्यावर उपाय: दोन गट करा, एक जुन्या पुणे नाक्याकडच्या गच्चीवर, दुसरा होटगी रोडकडे, मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंना. दोन्ही गटांचा वेग वेगवेगळा काढा आणि मग सरासरी घ्या. एकाला वाऱ्याने मदत केली असेल तर दुसऱ्याला तेवढीच आडकाठी. गच्चीपासून मैदानाचं अंतर मोबाईलच्या नकाशावर मोजता येतं.

अक्कलकोट_रोड

होटगी रोडची गच्ची माझ्या मावसभावाची आहे, विचारून ठेवतो. तापमापक कुणाकडे आहे?

सोनोग्राफीवाली

मी आणते. दोन आहेत, दोन्ही गटांना एकेक देता येईल. भिंतीला टेकवून ठेवू नका, उन्हात तापलेली भिंत रात्रीही गरम असते; मोकळ्या हवेत टांगा.